वरच्या बागेचं पाणी

माय, तू आयुष्यभर चहाच प्यायलीस. चौदा एकर कॉफीची मालकीण होतीस, पण आपल्या घरात कॉफीची पूड कधी नव्हती. "कडू औषध हाय ते, शहरातल्या लोकायले पिऊ दे," असं म्हणायचीस आणि चुलीवर गुळाचा काळा चहा ठेवायचीस. मी आता पन्नाशीला आलो. डॉक्टरांनी गूळही बंद केला आहे. बोलताना मी तुला 'तुले' म्हणायचो, पण लिहायला बसलो की गुरुजींनी शिकवलेली भाषा हातात येते. तेवढं चालवून घे. बरेच दिवस एक गोष्ट सांगायची आहे. तुला ती माहीत आहे, तरीही सांगायची आहे.

तू नांदगाव खंडेश्वरची. सपाट काळ्या रानात कपाशी वेचत वाढलेली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी बाबांबरोबर चिखलदऱ्याला आलीस तेव्हा पहिले पंधरा दिवस तुला रात्री झोप यायची नाही, जमीन तिरपी आहे आणि आपण घरंगळत जाऊ असं वाटायचं. हे तूच हसून सांगितलं होतंस. बाबांनी ती जुनी बाग हौसेनं विकत घेतली होती. इंग्रजांच्या काळात एका साहेबानं जंगल तोडून कॉफी लावली, तो तापानं गेला आणि त्याच्या मागे त्याच्या बायकोनं ती सात-आठ वर्षं एकटीनं चालवली. तिला सगळे मडम म्हणायचे. वरच्या अंगाला झऱ्याच्या तोंडाशी दगडी टाकं बांधलं ते तिनंच. मग तीही गेली, बाग रानात बुडाली आणि कितीतरी वर्षांनी बाबांनी ती पुन्हा मोकळी केली. चौथ्या वर्षी बाबाही तापानंच गेले. मी तेव्हा खाली अंजनगाव सुर्जीला मोठ्या बाबांकडे राहून गावच्या शाळेत शिकत होतो. वर, जंगलाच्या कडेला, तू एकटी राहिलीस. बागेतले कोरकू मजूर तुलाही मडम म्हणायला लागले. तू चिडायचीस. "मडम कोनाले म्हंता बाप्पा? मी त नांदगावची बाई हाय." ते हसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मडमच म्हणायचे.

तुझी एक गोष्ट माझ्या मुलांना सांगितली तर त्यांना पटत नाही. तू मोठ्या बाबांशी कधी थेट बोलली नाहीस. ते तुझे भासरे, बाबांचे थोरले भाऊ. भासऱ्याशी बोलायचं नाही, डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभं राहायचं आणि मधल्या माणसाकरवी सांगायचं, ही तुझ्या माहेरची आणि सासरची दोन्हीकडची रीत. मधला माणूस म्हणजे मी. मोठे बाबा दोन हात अंतरावर बाजेवर बसलेले असायचे, तू दाराशी. "सांग त्यायले, चहा झाला." मी वळून सांगायचो, "मोठे बाबा, चहा झाला." ते म्हणायचे, "सांग तिले, गूळ कमी टाकजो." आणि मी वळून तुला तेच सांगायचो. सगळ्यांना सगळं ऐकू गेलेलं असायचं. मोठ्या बाबांनी बाग विकायचा विषय काढला तोही असाच माझ्यातून गेला. "सांग तिले, बाईमाणसाच्या हातानं जंगल फुलत नसते. अमरावतीचा एक हॉटेलवाला मांगून राह्यला. दोन सालं झाली, बाग रिकामी गेली." तू पदराआडून म्हणालीस, "सांग त्यायले, अजून एक साल. यंदा बाग फुलली नाई त मी आपल्या हातानं सही करून देईन." मी तेव्हा एकोणीस वर्षांचा, बारावी होऊन कायमचा तुझ्याकडे आलेला. हे वाक्यही मीच वळून त्यांना सांगितलं.

कॉफीचं असं असतं, हे खालच्या लोकांना ठाऊक नसतं. थंडीत झाडाला तांदळाच्या दाण्याएवढ्या कळ्या लागतात आणि थांबतात. फाल्गुन-चैत्रात एक चांगला पाऊस पडला की आठ-नऊ दिवसांनी सगळी बाग एकदम पांढरी होते. पाऊस आलाच नाही तर कळ्या वाळतात. पण त्याहून वाईट म्हणजे अर्धवट पाऊस. ओल थोडी मिळाली तर कळी जागी होते, फुगते, टोकाशी गुलाबी पडते आणि तिथंच अडकून मरते. झोपलेली कळी तरी वाट पाहू शकते. अर्धवट जागी झालेली पाहू शकत नाही.

त्या वर्षी फाल्गुन कोरडा गेला. होळीला मजूर पाच दिवस फगव्याचे पैसे मागायला खाली उतरले, परत आले, तरी आभाळ तसंच राहिलं. तू रोज सकाळी वरच्या बागेत जाऊन एक कळी तोडायचीस, नखानं चिरून आत हिरवी आहे का पाहायचीस आणि परत यायचीस. शेवटी तू परतवाड्याहून भाड्याचं डिझेल इंजिन आणि फवाऱ्याचे पाईप आणलेस. प्रश्न पाण्याचा होता. मडमच्या टाक्यात जेमतेम दोन दिवस इंजिन चालेल एवढं पाणी होतं, आणि झरा बारीक झालेला. टाकं पुन्हा भरायला महिना गेला असता.

मी कागदावर आकडेमोड करून दाखवली की दोन दिवसांत पूर्ण बाग थोडी थोडी भिजवता येते. तू कागदाकडे पाहिलंच नाहीस. वेचणाऱ्या बायांची मुकादम म्हातारी तिथं तंबाखू मळत बसली होती. तिची आजी मडमच्या हाताखाली काम करायची. ती म्हणाली, "मडम के टैम बी ऐसाच सूखा पड़ा था बाबू. उसने बैल पे पखाल लाद के पानी डाला. आधाच बगीचा भिजाया, मगर पूरा भिजाया. आधा छोड़ दिया. सब भिजाती, तो सब मरता." तू मान हलवलीस. "तसंच करू. दोनी दिवस वरची बाग. खालची देवीच्या नावानं सोडून देऊ." वरच्या बागेत बाबांनी लावलेली सात एकर झाडं होती, सिल्व्हर ओकच्या सावलीतली. खालची पट्टी डांबरी रस्त्याला लागून. तिथली झाडं मडमच्या वेळची, खोडकिड्यानं पोखरलेली, आणि रस्ता रुंद करताना त्यांच्यावरची सावली तोडलेली. ती फुलली असती, पण वैशाखाच्या उन्हात त्यांच्यावर एक फळ टिकलं नसतं. हे तू मला दोनदा समजावलंस. मला ते समजलं नाही असं मी आज म्हणू शकत नाही.

पहिल्या दिवशी उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत वरची बाग भिजली. पाईप हलवताना आपण दोघंही चिंब झालो होतो, तू हसत होतीस, कितीतरी दिवसांनी. डिझेल दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतच पुरणार होतं, म्हणून तू पहाटेच्या एसटीनं दोन कॅन घेऊन परतवाड्याला निघालीस. जाताना म्हणालीस, "पाईप वरच राह्यले पाहिजे. मी येईपर्यंत थांबजो नको, चालू ठेवजो."

एसटी वळणाआड गेली आणि मी खालच्या पट्टीत येऊन उभा राहिलो. आठ-दहा दिवसांनी मोठे बाबा हॉटेलवाल्याला घेऊन जीपनं येणार होते, आणि घाट चढून आल्यावर त्यांना पहिली दिसणार ती हीच पट्टी. वरच्या बागेपर्यंत ते चढतील की नाही, कोण जाणे. त्यांचे गुडघे दुखायचे. ते रस्त्यावरून पाहतील, वाळलेली झाडं दिसतील, म्हणतील, पाहा, मी म्हटलं नव्हतं? आणि ते वाक्य मला तुझ्याकडे वळून तुला सांगावं लागेल. एवढंच माझ्या डोक्यात होतं. वर काल दिवसभर पाणी झालंच आहे, तेवढं पुरेल, असं मी मनाशी म्हणालो. हे मनाशी म्हणणं आणि खरं वाटणं यात फरक असतो, तो मला तेव्हाही कळत होता. रस्त्याच्या पलीकडे देवीचा शेंदूर लावलेला दगड आहे. मी तिथं हात जोडले, फुलं मागितली आणि म्हातारीला जाऊन सांगितलं, "पाईप खाली न्या."

ती उठली नाही. "मडम कू पूछा?"

"तिनंच सांगितलं जाताना."

म्हातारीनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग बायांना हाक मारली आणि पाईप खाली आले.

तू दुपारी दोन वाजता परतलीस. रस्त्यावर उतरतानाच तुला फवारे दिसले. दोन्ही कॅन तिथंच सोडून तू धावत वर गेलीस. मी मागोमाग. तू वरच्या बागेत एका झाडाच्या बुंध्याशी बसून मातीत बोट घातलंस. दुसऱ्या पेरापर्यंत ओल, खाली कोरडं. दुसरं झाड, तिसरं झाड, तेच. तू ओरडली नाहीस. "उचला, उचला पाईप," एवढंच बायांना म्हणालीस आणि स्वतः खांद्यावर घेऊन चढायला लागलीस. टाक्यात गुडघाभर पाणी उरलं होतं. तासाभरात गाळ आला, इंजिन हवा ओढायला लागलं आणि बंद पडलं. तेव्हा तू म्हातारीला विचारलंस, कोणी सांगितलं होतं. ती म्हणाली, "बाबू बोला, मडम ने बोला." तू माझ्याकडे पाहिलंस. मला वाटलं आता मारशील. तू म्हणालीस, "तुले बाग नव्हती पाहिजे. तुले रस्ता पाहिजे होता." आणि हात धुवायला गेलीस.

त्यानंतरचे आठ दिवस मी विसरलेलो नाही. तू रोज पहाटे उठतेस, आंघोळ करून दिवा लावतेस, वर जातेस. मी तुझ्या मागून दहा पावलांवर. चौथ्या दिवशी कळ्या फुगलेल्या दिसतात आणि मला वाटतं, झालं, वाचलो. तू आभाळाकडे पाहतेस. पाचव्या दिवशी सातपुड्यावर ढग येतात, दुपारी गडगडतं, म्हातारी टोपली पालथी घालून नाचल्यासारखं करते, आणि वारा सुटून सगळं धारणीकडे निघून जातं. सहाव्या दिवशी वरच्या कळ्यांच्या टोकाशी गुलाबी दिसतं. सातव्या दिवशी तेच. आठव्या दिवशी तू एक कळी तोडून माझ्या तळहातावर ठेवतेस. ती कडक आहे, वाळलेल्या लवंगेसारखी. मी ती टाकूही शकत नाही, धरूही शकत नाही.

नवव्या दिवशी सकाळी खालची पट्टी फुलली. त्या झाडांना सकाळपासून दुपारपर्यंत दाबून पाणी मिळालं होतं, आणि तिथं जमीन खोलगट, वरचं ओघळलेलं पाणीही त्यांनीच प्यायलं. फांद्या दिसेनात एवढं पांढरं. वास मोगऱ्यासारखा, पण जड. मधमाशांचा आवाज घरापर्यंत येत होता. मी देवीच्या दगडापुढे नारळ फोडला. त्याच दिवशी दुपारी जीप आली.

मोठे बाबा उतरले आणि उतरल्या जागी उभे राहिले. कपाशीतला माणूस, त्यांनी असलं फुललेलं काही पाहिलंच नव्हतं. हॉटेलवाला "क्या बात है" म्हणून फोटो काढायला लागला. मोठे बाबा हळूच एका फांदीला हात लावून म्हणाले, "सांग तिले, मानलं म्हणा. आपला शब्द मांगे घेतला मी. बाग तिची." मग हॉटेलवाल्याकडे वळून, "चाला शेठ, चहा घेऊ आन निंगू. हे काई होत नाई आता."

मी तुझ्याकडे वळलो. मला हसू आवरत नव्हतं. तू पदर कपाळाखाली ओढून आंब्याच्या खोडाशी उभी होतीस.

"सांग त्यायले," तू म्हणालीस, "हे फूल फळ धरनार नाई. खरी बाग वर हाय. ते मेली. वर चालून पाहा म्हणा."

मोठ्या बाबांना ऐकू गेलंच होतं, पण रीत ती रीत, ते माझ्या तोंडाकडे पाहत थांबले. मी सांगितलं. मोठे बाबा गुडघे धरत धरत वर चढले. सात एकरभर गुलाबी-काळ्या वाळलेल्या कळ्या पाहिल्या. मग म्हणाले, "विचार तिले, मले कावून सांगतलं? मी त चाललो होतो वापस."

"सांग त्यायले, त्यायच्या भावाच्या हातची बाग हाय. तिच्यात खोटं दाखवून मले राह्याचं नाई."

"बरं, पण हे झालं कसं, ते विचार."

तू लगेच उत्तर दिलं नाहीस. शेजारच्या झाडाची एक फांदी धरलीस, सोडलीस. माझ्याकडे पाहिलं नाहीस. ती वेळ किती होती, मी पुढे अनेकदा मनात मोजायचा प्रयत्न केला. एक माणूस सावकाश दोन वाक्यं बोलू शकेल, एवढी होती. मी बोललो नाही. मग तू म्हणालीस, "सांग त्यायले, माझा पान्याचा अंदाज चुकला."

आणि मी वळलो, माय. नेहमीसारखा वळलो आणि मोठ्या बाबांच्या तोंडाकडे पाहून म्हणालो, "मोठे बाबा, माय म्हणते, तिचा पाण्याचा अंदाज चुकला."

ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. "सांग तिले, भल्याभल्यायचा चुकते म्हणा. मनाले लावून घेऊ नको." महिन्याभरात तू सही केलीस. त्यांनीच आपल्याला अकोल्यात खोली पाहून दिली, मला पंप आणि पाईपच्या दुकानात लावलं. पुढे त्यातूनच माझं स्वतःचं दुकान झालं. निघताना म्हातारी रस्त्यापर्यंत आली होती. तुझ्या पाया पडली, माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

अकोल्याला आल्यावर सात-आठ महिन्यांनी मी तुला विचारलं. तू स्टोव्हवर भाकर टाकत होतीस. त्या खोलीत चूल पेटवायची परवानगी नव्हती आणि तुझी भाकर स्टोव्हवर कधी नीट फुगली नाही. मी म्हटलं, "माय, त्या दिवशी माझं नाव कावून नाई घेतलं?" तू भाकर उलटलीस. "तुले त्यायच्या घरी जनमभर जाणं-येणं करा लागन. माझा काय, पदराआडच्या बाईचा अंदाज. चुकला त चुकला. लोक दोन दिवस बोलतीन, बाईमाणूस होती म्हंतीन. तुझं नाव एकदा निंगालं असतं त निंगालंच असतं." मग जरा थांबून, माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "तू सांगतलं असतं त मी काई अडवलं नसतं. मी त थांबली होती."

त्यानंतर तू पाचेक वर्षं होतीस. हा विषय पुन्हा निघाला नाही. दुकानात आजही कुणी फवाऱ्याचे पाईप घ्यायला आला की मी आधी विहिरीत पाणी किती ते विचारतो. पुरणार नसेल तर म्हणतो, अर्धंच भिजवा पण पूर्ण भिजवा. लोक हसतात, हा दुकानदार कमी पाईप घ्या म्हणतो. रोज सकाळी देवापुढे बसतो. काही मागत नाही. मागायची भीती वाटते.

गेल्या महिन्यात मोठे बाबा गेले. पिकलं पान होतं. त्यांच्या तेरवीला अंजनगावला गेलो होतो. पंगतीत त्यांचा मोठा मुलगा, माझा दादा, वाढत होता. चिखलदऱ्याचा विषय निघाला. तिथं आता केवढाली हॉटेलं झाली म्हणून कुणी सांगत होतं. दादा वरणाची बादली हातात धरून म्हणाला, "काकू लय धीराची बाई होती. पण पान्याचा अंदाज चुकला तिचा, नाई त आज ते बाग आपली असती." त्यात तुझा अपमान नव्हता. तो प्रेमानंच म्हणाला. मग त्यानं माझ्याकडे पाहिलं, आपल्या घरच्या गोष्टीला घरच्या माणसानं दुजोरा द्यावा म्हणून. "होय ना रे?"

परत येताना मी एसटीत स्वतःला सांगत होतो की माझ्या तोंडात घास होता, म्हणून नुसती मान हलली. घास नव्हता. मी हो म्हणालो.

हे सगळं खरं तर दादाला लिहायला हवं. त्याचा पत्ता मला पाठ आहे, दुकानातून गेल्या पावसाळ्यात त्याला मोटर पाठवली तेव्हा मीच लिहिला होता. तुला लिहायला बसलो, कारण तुझ्या नावाचं पत्र टपालात टाकावं लागत नाही.